काउंटीचं व्हेटरन्स ऑफिस: सासऱ्यांच्या ॲस्बेस्टॉसच्या क्लेमचा अनुभव

आमच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिस (माजी सैनिकांना सरकारी भरपाईच्या क्लेमसाठी मदत करणारं) एका जुन्या सरकारी इमारतीच्या मागच्या बाजूला आहे. दारावर लहानशी पाटी, आत सहा खुर्च्या, एक झेंडा, कोपऱ्यात पाण्याचा कूलर. पहिल्यांदा गेलो तेव्हा नवऱ्याला वाटलं आपण चुकीच्या दारातून आत आलो. ऑक्टोबर २०२३ मधली गोष्ट. सासऱ्यांना मेसोथेलिओमा हा कर्करोग झाल्याचं कळून नऊ दिवस झाले होते आणि घरात कुणाला काही सुचत नव्हतं. या ऑफिसला मी पाचपैकी पाच तारे देते. का देते ते जरा सविस्तर लिहिते, कारण इथे नॉर्थ कॅरोलायनात ओळखीच्या मराठी घरांत हे सांगितलं तेव्हा दोन फोन आले. एकीच्या जावयाचे वडील नेव्हीत होते, दुसरीचे शेजारी एअर फोर्समध्ये. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेली माणसं आता आपल्या सोयरिकीत आहेत, शेजारात आहेत, आणि त्यांच्या कागदपत्रांची जबाबदारी बऱ्याचदा सुनेवर किंवा लेकीवर येते. आमच्याकडे ती माझ्यावर आली.

मी मूळची ओझरची. माझे बाबा एचएएलमध्ये होते. १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिलेला नाशिकजवळचा तो कारखाना, आम्ही त्याच्याच टाउनशिपमध्ये वाढलो. डोक्यावरून विमान गेलं की वर्गात बाई वाक्य अर्धवट ठेवून थांबायच्या आणि आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू करायच्या. त्यामुळे लग्नाआधी सासऱ्यांशी पहिल्यांदा बोलले आणि ते म्हणाले, "मी विमानांचा मेकॅनिक होतो," तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. हँगरमधून आलेल्या माणसाच्या कपड्यांना रॉकेलसारखा एक वास असतो, तो आम्हा दोघांनाही माहीत होता. बाबा इकडे आले होते तेव्हा दोघं गॅरेजमध्ये तासन्‌तास पान्यांची पेटी उघडून बसायचे. भाषेची अडचण कुणालाच जाणवली नाही.

सासरे १९६८ ते १९७२ एअर फोर्समध्ये होते. सी-१३० हर्क्युलिस, म्हणजे चार पंख्यांचं, पोट जमिनीला टेकल्यासारखं दिसणारं मालवाहू विमान, त्यावर त्यांचं काम. पहिली दोन वर्षं चाकं आणि ब्रेकच्या शॉपमध्ये, मग फ्लाइट लाइनवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, त्यातला काही काळ तैवानमध्ये. सुटल्यावर टपालखात्यात लागले आणि २९ वर्षं घरोघर पत्रं वाटली. धडधाकट माणूस. ऑगस्टमध्ये जिना चढताना धाप लागायला लागली. उजव्या बाजूला फुप्फुसाभोवती पाणी निघालं, दीड लिटर काढलं, तीन आठवड्यांत पुन्हा भरलं. मग दुर्बिणीतून तुकडा काढून तपासला आणि निदान हाती आलं. फुप्फुसाच्या आवरणाचा हा कर्करोग ॲस्बेस्टॉस या उष्णता रोखणाऱ्या खनिजाचे तंतू श्वासातून आत गेल्याने होतो आणि २० ते ५० वर्षं वाट बघून डोकं वर काढतो. डॉक्टरांनी विचारलं, "आयुष्यात कधी ॲस्बेस्टॉसशी संबंध आला?" सासरे म्हणाले, "नाही. कधीच नाही."

आणि तिथेच आमचं सगळं अडलं. ज्याचा संबंधच आला नाही त्याचा क्लेम कसा करायचा?

काउंटीच्या ऑफिसात जायच्या आधी आम्ही तेच केलं होतं जे सगळे करतात. टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या एका वकिली फर्मचा नंबर फिरवला. फर्मचं नाव लिहीत नाही. फोनवरचा आवाज फार गोड होता, दोन दिवसांत कुरिअरने जाडजूड फोल्डर आलं, चौथ्या दिवशी एक गृहस्थ करारपत्र घेऊन घरी आले. त्यांच्याकडे वस्तूंची छापील यादी होती. बॉयलर, वाफेचे पाइप, पंप, झडपा. सगळी जहाजावरची. त्यांचा नेहमीचा माणूस नेव्हीचा असतो हे मला नंतर कळलं. सासऱ्यांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली आणि शांतपणे परत दिली. "यातलं मी काहीच हाताळलं नाही. माझी केस नाही ही." त्या रात्री ते जेवले नाहीत. आजारापेक्षा त्यांना हे लागलं होतं, की आपण उगाच काहीतरी मागायला निघालोय.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या चर्चमधल्या मैत्रिणीने काउंटीच्या ऑफिसचं सांगितलं. फुकट असतं म्हणाली. आपल्याला फुकट म्हटलं की शंका येते, मलाही आली.

तिथल्या ऑफिसर बाई पन्नाशीच्या, स्वतः आर्मीत वीस वर्षं काढलेल्या. आम्ही चौघं आत गेलो. मी फाइल पुढे केली तर त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. आधी एक छोटा फॉर्म भरला, पाच मिनिटांत. "इंटेंट टू फाइल". त्याचा अर्थ असा, की क्लेम करायचा आहे एवढं आज कळवून ठेवायचं. पूर्ण अर्ज त्यानंतर वर्षभरात दिला तरी मंजुरीनंतर पैसे या तारखेपासून धरतात. "आता घाई संपली," बाई म्हणाल्या, "आजची तारीख आपल्या खिशात आहे." हे एक वाक्य त्या आठवड्यातलं पहिलं आधाराचं वाक्य होतं. कुणाच्या घरी असं निदान झालं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून हा एक कागद त्याच दिवशी द्या. फोनवर किंवा व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या, साइटवरही देता येतो.

मग त्यांनी मला आणि नवऱ्याला खुर्ची मागे घ्यायला सांगितलं आणि सासऱ्यांकडे वळल्या. ॲस्बेस्टॉस हा शब्दच काढला नाही. विचारलं, "सकाळी शॉपमध्ये गेलात की पहिलं काम काय असायचं?"

सासरे तासभर बोलले. लग्नाला अकरा वर्षं झाली माझ्या, एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. विमान उतरल्यावर ब्रेक तापलेले असायचे. जॅक लावून चाक उतरवायचं, मग आतून ब्रेकच्या चकत्यांची चळत बाहेर काढायची, फिरत्या आणि स्थिर चकत्या एकाआड एक. अस्तर झिजून झिजून त्याची करडी भुकटी प्रत्येक फटीत बसलेली. ती काढायला कॉम्प्रेसरची नळी घ्यायची आणि फुस्स करून हवा मारायची. हिवाळ्यात हँगरची दारं बंद असायची. भुकटीचा ढग उठायचा, खाली बसायचा, मग कुणीतरी झाडू घेऊन जमीन झाडायचा आणि तो ढग पुन्हा उठायचा. तोंडाला काही बांधायची पद्धत नव्हती. दुपारी नाक शिंकरलं की रुमालावर करडं यायचं. हे सांगताना त्यांनी खिशातून रुमाल काढून दाखवला, जणू तो डाग अजून तिथेच असावा.

बाई लिहीत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "ब्रेक तापलेले असायचे म्हणालात. मग हातात काय घालायचात?"

"हातमोजे. जाड, पांढरट, कोपरापर्यंत येणारे."

"कशाचे?"

सासऱ्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले. कूलरमधून बुडबुडा वर आल्याचा आवाज मला ऐकू आला. मग अगदी हळू म्हणाले, "ॲस्बेस्टॉसचे. आम्ही त्यांना ॲस्बेस्टॉसचे हातमोजेच म्हणायचो." थोड्या वेळाने पुढे सांगितलं, की जुन्या जोडीचे धागे सुटायचे, टोकं पिंजारायची, आणि जेवायच्या सुट्टीत ते मोजे काढून मांडीवर ठेवून सँडविच खायचे.

एकावन्न वर्षं तो शब्द त्यांच्या तोंडात होता. आपल्याला विचारतात तो "ॲस्बेस्टॉसशी संबंध" म्हणजे हाच, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. छापील यादी पुढे ठेवणाऱ्याला ते कधी कळलं नसतं. सासूबाई रडल्या. त्या तेव्हा नव्या नवरी होत्या, तळाजवळच भाड्याच्या घरात राहायच्या आणि सासऱ्यांचे कामाचे कपडे झटकून धुवायच्या. बाईंनी त्यांना स्वच्छ सांगितलं, की घरच्यांच्या अशा संपर्कासाठी व्हीए भरपाई देत नाही, पण तुमच्या डॉक्टरला हे जरूर सांगा आणि नोंद करून घ्या. सासूबाईंची तपासणी झाली आहे, सध्या सगळं नीट आहे.

ज्यांना हे खातं माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हीए म्हणजे माजी सैनिकांसाठीचं अमेरिकेच्या केंद्र सरकारचं खातं. काउंटीचे हे ऑफिसर व्हीएचे नोकर नसतात, काउंटीचे असतात, पण व्हीएपुढे माणसाची बाजू मांडायची रीतसर मान्यता त्यांच्याकडे असते. सैन्यात विषारी पदार्थांच्या संपर्कात आलेल्यांसाठीच्या ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्यामुळे कितीतरी आजारांना आता आपोआप सैन्यातल्या सेवेशी जोडतात, पण ॲस्बेस्टॉसचं तसं नाही. तिथे अजून तीन गोष्टी हातात लागतात. आजाराचं निदान, नोकरीत ॲस्बेस्टॉसशी संपर्क आल्याचा पुरावा आणि या दोहोंना जोडणारं डॉक्टरचं मत. ऐकायला सोपं आहे. प्रत्येक ठिकाणी पाय घसरायची जागा आहे.

नोकरीचा पुरावा म्हणजे सुटकेचा दाखला, डीडी-२१४. त्यावर कामाचा कोड असतो, आमचा ४३१ ने सुरू होणारा, विमान देखभालीचा. सासऱ्यांकडे तो होता, फ्रेम करून भिंतीवर. शॉपमधल्या नेमणुकीचे बाकीचे कागद सेंट लुईसच्या अभिलेखागारातून मागवले. तिथे १२ जुलै १९७३ ला मोठी आग लागली होती आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. एअर फोर्समधून १९४७ ते १९६३ च्या दरम्यान सुटलेल्या आणि वर्णक्रमात हबर्ड या आडनावानंतर येणाऱ्यांच्या सुमारे तीन चतुर्थांश फायली त्यात गेल्या. आमचं सुटकेचं साल १९७२, म्हणून वाचलो. तुमचा माणूस त्याहून जुना असेल तर फाइल मिळत नाही एवढ्यावर हार मानू नका. पगाराच्या पावत्या, जुनी पत्रं, युनिटचे फोटो, सोबत्यांच्या साक्षी हे सगळं चालतं.

सोबत्याची साक्ष हा मला या सगळ्यातला सर्वांत मोलाचा कागद वाटतो. सासऱ्यांच्या शॉपमधला एक मित्र ओहायोत राहतो, दर नाताळला कार्ड येतं. बाईंनी फोन करायला लावला आणि त्याला काय लिहायचं ते मुळीच सांगितलं नाही. "दिवसभर काय करत होतात तेवढं तुमच्या शब्दांत लिहा," एवढंच. त्याचं पान आलं तर त्यात हवेची नळी होती, झाडू होता आणि हातमोजेही होते. दोन माणसं, पन्नास वर्षं, दोन राज्यं, आणि तेच हातमोजे. बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि नुसती मान हलवली.

डॉक्टरच्या मताची गंमत नाही, गांभीर्य ऐका. आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी चांगल्या मनाने पत्र दिलं, त्यात लिहिलं होतं, की हा आजार सैन्यातल्या संपर्कामुळे "झालेला असू शकतो". मला ते पत्र छान वाटलं. बाईंनी परत पाठवलं. "असू शकतो" म्हणजे नसूही शकतो, आणि असं मोघम मत धरत नाहीत. कायद्याला हवी असते ती निदान निम्मी शक्यता, "होण्याची शक्यता न होण्याइतकी तरी आहेच" अशा अर्थाचं ठरलेलं वाक्य, आणि त्यामागचं कारण. पारडी समसमान असली तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळतो. डॉक्टरांनी दुसरं पत्र दिलं. त्यात ॲस्बेस्टॉस असलेल्या ब्रेकच्या धुळीचा आणि हातमोज्यांचा उल्लेख होता, टपालाच्या नोकरीत असा संपर्क नसल्याचं होतं, घरच्या गाडीचे ब्रेक सासऱ्यांनी आयुष्यात तीनदा बदलले तेही लिहिलेलं होतं. ते लपवू या का, असं माझ्या मनात आलं होतं. बाई म्हणाल्या, "लपवायचं काही नाही. दोन वर्षं रोज आणि आयुष्यात तीनदा, वाचणाऱ्याला फरक कळतो."

तपासणीच्या वेळीही त्यांनी आधीच सावध केलं होतं, की सिगारेटबद्दल विचारतील. व्हीएच्या वतीने तपासणाऱ्या डॉक्टरांनी खरंच पंधरा मिनिटं सिगारेटच विचारली. सासरे तिशीपर्यंत ओढायचे. मेसोथेलिओमा सिगारेटने होत नाही, फुप्फुसाच्या नेहमीच्या कर्करोगाशी त्याची गल्लत करू नये, हे बाईंनी आम्हाला लिहूनच दिलं होतं. नवऱ्याने तो कागद नम्रपणे पुढे ठेवला.

आजार जिवावरचा असल्यामुळे फाइल तातडीच्या रांगेत टाकता येते, त्याचा वेगळा फॉर्म आहे, तोही बाईंनीच भरला. नोव्हेंबरात पूर्ण अर्ज गेला, फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय आला. शंभर टक्के अपंगत्व, ज्या टक्केवारीवर भरपाईची रक्कम ठरते. हा कर्करोग सेवेशी जोडलेला ठरला की तो सक्रिय असेपर्यंत शंभर टक्केच धरतात, तिथे घासाघीस नाही. बायको असलेल्या सैनिकाला त्या वर्षीच्या दराने महिन्याला ३,९४६ डॉलर २५ सेंट, करमुक्त, आणि मागची थकबाकी त्या "खिशातल्या" तारखेपासून. नुसता ॲस्बेस्टोसिस असेल, म्हणजे फुप्फुस कडक होत जाण्याचा आजार, तर मात्र टक्केवारी फुंकण्याच्या चाचणीवर ठरते आणि १० टक्क्यांपासून १०० पर्यंत कुठेही येऊ शकते.

पत्र आलं त्या दिवशी सासऱ्यांनी रकमेकडे पाहिलंच नाही. "सेवेशी संबंधित" हे दोन शब्द त्यांनी बोटाने दाखवले. आपण खोटं मागत नव्हतो, हे कुणीतरी सरकारी कागदावर लिहून दिलं होतं.

या सगळ्याचा आम्हाला आलेला खर्च शून्य. आणि तो शून्यच असायला हवा. पहिला क्लेम तयार करून देण्यासाठी कुणीही, अगदी मान्यताप्राप्त वकीलसुद्धा, पैसे घेऊ शकत नाही, असा नियम आहे. निर्णय विरोधात गेला आणि अपील करायचं ठरलं, तरच वकिलाची फी सुरू होते, आणि ती साधारण थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत रास्त मानतात. "आम्ही तुमचं रेटिंग, म्हणजे टक्केवारी, वाढवून देतो, वाढलेल्या रकमेचे काही महिने आम्हाला द्या," असं सांगणाऱ्या कंपन्या फेसबुकवर भरपूर आहेत. त्यांना मान्यता नसते. मान्यता आहे की नाही ते व्हीएच्या साइटवर नावानिशी शोधता येतं. डीएव्ही, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधीही हे काम विनामूल्य करतात.

आता वकिलांबद्दल, कारण शेवटी आम्ही वकीलही केला, फक्त दुसरा. त्याला साडेतीन तारे. सैन्यात असताना झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर खटला भरता येत नाही, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५० च्या फेरेस निकालापासून ते दार बंद आहे. उरतात माल बनवणाऱ्या कंपन्या. ब्रेकची अस्तरं, गॅस्केट, इंजिनाच्या गरम भागाभोवतीची वेष्टनं कुणी पुरवली ते शोधायचं. त्यातल्या चालू असलेल्या कंपन्या म्हणतात, आम्ही सरकारने दिलेल्या नकाशाबरहुकूम माल बनवला, आणि १९८८ च्या बॉइल निकालाचा आधार घेतात. तो खटला एका मरीन हेलिकॉप्टर को-पायलटच्या मृत्यूचा होता. विमानांच्या केसमध्ये हा बचाव हमखास पुढे येतो, हे या वकिलाने पहिल्याच भेटीत सांगितलं, म्हणून त्याच्यावर विश्वास बसला. दिवाळखोरीत गेलेल्या कंपन्यांच्या जागी आजाऱ्यांना भरपाई देणारे ट्रस्ट आहेत. ॲस्बेस्टॉसचा माल बनवणारी जॉन्स-मॅनव्हिल कंपनी १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि १९८८ मध्ये तिचा ट्रस्ट उभा राहिला, पुढे असे डझनावारी झाले. २०१० पर्यंत या ट्रस्टनी ३३ लाख क्लेमवर मिळून सुमारे साडेसतरा अब्ज डॉलर दिले होते. आकडा डोळे दिपवतो, पण प्रत्येक ट्रस्ट ठरलेल्या रकमेचा काही टक्काच हातात देतो, कारण पुढे येणाऱ्या आजाऱ्यांसाठी शिल्लक ठेवावी लागते. या पैशांमुळे व्हीएची भरपाई कापली जात नाही, हे महत्त्वाचं. मात्र उपचारांवर मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने, केलेला खर्च मेडिकेअर त्यातून परत मागू शकतं, आणि हे आमच्या वकिलाने आम्ही विचारल्यावर सांगितलं, आधी नाही. दीड तारा त्याचा. फी एक तृतीयांश. मुदतीचं भान ठेवा, ती राज्याराज्यात वेगळी असते. आमच्याकडे आजाराच्या दाव्याला ३ वर्षं आणि मृत्यूच्या दाव्याला २.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या गावच्या घरावर अजून सिमेंटचे पत्रे आहेत." आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यातला ॲस्बेस्टॉस शब्दात राहतच नाही, तसंच हे. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं, की कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं ठेवा किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर. ४० वर्षं का, ते मला आता घरातच कळलंय. पत्रा कापू नका, त्याला भोक पाडू नका, माणूस बोलावून नीट उतरवून घ्या, असं बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं.

ऑफिसच्या उणिवाही लिहायला हव्यात. फोन लवकर लागत नाही, मेसेज ठेवला तर दोन दिवसांनी उत्तर येतं. नेहमीच्या कामासाठी भेटीची वेळ तीन आठवड्यांनी मिळते. आम्हाला लगेच मिळाली ती निदानाचं नाव फोनवर सांगितलं म्हणून, तेव्हा तुम्हीही सांगा, संकोच करू नका. बारा ते एक बंद. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथून ऑफिसपर्यंत लांबलचक पॅसेज. धाप लागणाऱ्या माणसाला तो पॅसेज किती लांब असतो ते मी पाहिलंय. बाईंना हे सांगितलं तर पुढच्या प्रत्येक वेळी त्या स्वतः कागद घेऊन गाडीपाशी आल्या. पण असं एका माणसाच्या भलेपणावर सोडणं बरोबर नाही, काउंटीने तिथे बाक तरी ठेवावं. मी तसं लेखी कळवलं आहे. आणि दोनच माणसांवर अख्खी काउंटी चालते. कर कशावर खर्च व्हावा असं मला कुणी विचारलं तर मी या खोलीकडे बोट दाखवीन.

सासरे ऑगस्ट २०२४ मध्ये गेले. इम्युनोथेरपीने त्यांना नातीचा वाढदिवस दाखवला, त्यापुढे नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण नेमकं लिहून घ्या, "मेसोथेलिओमा" हा शब्द त्यावर हवाच, असं बाईंनी आम्हाला वसंतातच हळुवारपणे सांगून ठेवलं होतं. नुसतं "श्वसनक्रिया बंद पडून" लिहिलं तर विधवेला पुन्हा सगळं सिद्ध करत बसावं लागतं. तो शब्द होता, त्यामुळे सासूबाईंचा अर्ज सरळ गेला. त्यांना आता दरमहा वेगळी मदत मिळते, तेव्हाच्या दराने १,६१२ डॉलर ७५ सेंट. दहाव्या दिवशी बाईंचा फोन आला होता. कागदाचं काहीच बोलल्या नाहीत, सासूबाई जेवतात का एवढं विचारलं.

जाताना हे घेऊन जा: डीडी-२१४, निदानाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, लग्नाचा दाखला, जुने फोटो असतील तेवढे आणि त्या काळच्या मित्रांची नावं. आणि माणसाला बोलू द्या, मध्ये त्याची वाक्यं पूर्ण करू नका. मी पहिल्या दहा मिनिटांत दोनदा केली होती.

ओहायोच्या मित्राचा परवा फोन आला. साक्ष लिहिता लिहिता त्याला स्वतःचा जुना खोकला आठवला, एक्स-रे काढला, तर आवरणावर चट्टे निघाले आहेत. त्याने त्याच दिवशी इंटेंटचा फॉर्म दिला. त्याच्या काउंटीचं ऑफिस कोर्टाच्या तळमजल्यावर आहे म्हणे, बुधवारी बंद असतं. आता सासऱ्यांच्या वतीने त्याची साक्ष कोण लिहिणार, असं त्याने विचारलं. बाईंनी सासऱ्यांचं ते तासाभराचं बोलणं सहीनिशी फाइलला लावलेलं आहे, त्यात त्याचं नाव चार वेळा आलंय. त्याची प्रत मी सोमवारी पोस्टाने पाठवली.